माडीवरचे दोन ठोके

रखमाजीआबांनी आयुष्यात बायकोला नावानं हाक मारली नव्हती. लग्नात नाव घ्यायला पोरींनी दार अडवलं, तर गडी लाजून मेंढरांत जाऊन बसला होता. पुढं घरात आईबाप, चुलते सगळे. त्यांच्यादेखत बायकोशी बोलणार कसं? मग माडीवरून काठीचे दोन ठोके पडू लागले. लाकडाची माडी ती, ठोका थेट चुलीपाशी पोचायचा आणि सगुणाबाई चहा घेऊन वर यायच्या. मेंढरं विकली, शेती आली, वडीलधारी गेली, वडगाव रासाईत नातवंडं शाळेत जाऊ लागली, तरी ठोके चालूच होते.

त्यामुळे त्यांच्या लेकानं, शंभूनं, माडीच्या फळ्या काढून स्लॅब टाकायचं ठरवलं तेव्हा आबा अडून बसले. फळ्यांना वाळवी लागली होती, आमटीत भुसा पडत होता, हे त्यांनाही दिसत होतं. पण खरं कारण सांगायची सोय नव्हती. म्हणून सागवान किती जुनं, स्लॅबच्या गारठ्यानं गुडघे कसे धरतात, असं कायबाय सांगून पाहिलं. सगुणाबाईंनी सरळ लेकाची बाजू घेतली. ते आबांच्या फार जिव्हारी लागलं. हिला त्या ठोक्यांचं काहीच नाही, असं त्यांच्या मनानं घेतलं.

स्लॅब टाकून झाला. रिवाजाप्रमाणं कामगारांना मटणाचं जेवण झालं. आबा रुसूनच पंगतीला बसले, नळ्या मात्र मागून घेतल्या. पाणी मारून मारून स्लॅब पक्का झाला, वरच्या खोलीला रंग लागला आणि आबांची बाज जागेवर गेली.

पहिल्याच संध्याकाळी त्यांनी काठी आपटली. स्लॅब ढिम्म. पुन्हा आपटली, तर मनगटाला झिणझिण्या आल्या. खाली सुनेचा टीव्ही चालू होता. आबा काठी टाकून बाजेवर बसले. चहाचं काय, तो खाली जाऊनही मिळाला असता.

तेवढ्यात बाजेच्या पायाशी जमिनीत बसवलेलं प्लास्टिकच्या पाइपाचं तोंड दिसलं, वर बूच लावलेलं. त्यांनी बूच काढलं, तर आतून फोडणीचा वास आला आणि मागोमाग सगुणाबाईंचा आवाज. बाई वाटच बघत होत्या.

"काठी आपटून उपेग न्हाई. मिस्त्रीला सांगून म्याच बशिवलाय ह्यो पाइप. आता तोंडानं बोला."

"काय बोलू?"

"माझं नाव ठावं हाय न्हवं?"

आबांनी जिन्याकडं पाहिलं. कुणी येत नव्हतं. ते खाकरले, मिशी पुसली आणि पाइपाला तोंड लावून हळूच म्हणाले, "सगुणा."

खाली हातातलं भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"परत म्हणा," पाइपातून आलं. "ह्यातनं नीट ऐकू येत न्हाई."

हिला चांगलं ऐकू आलंय, हे आबांनी ओळखलं. तरी ते पुन्हा वाकले आणि नाव घेतलं, या वेळी इतक्या मोठ्यानं, की खाली सुनेनं टीव्ही बंद केला.