कबरस्तानाची चौथी पायरी

आमच्या आयोवात पणजोबांच्या पिढीनं गवताळ रान मोडून मका पेरला, तेव्हा कबरस्तान तेवढं नांगराविना राहिलं. तेव्हा म्हणे शेतातून सरळ आत चालत जाता यायचं. नंतर फाटकाशी तीन पायऱ्या बसवाव्या लागल्या, आणि त्याही उंच. तिथलं गवत कापायचं काम माझ्याकडे, त्यामुळे त्या पायऱ्या माझ्या गुडघ्यांच्या चांगल्या ओळखीच्या आहेत.

भोवतालचं शेत वर्लिन हाउगेनचं. पायऱ्या का वाढल्या विचारलं की तो म्हणायचा, "थंडीनं जमीन फुगते. कबरस्तान वर येतं." सगळा गाव हेच म्हणायचा. त्याची बायको आर्डिस, माझी शाळेपासूनची मैत्रीण, ती एकटीच म्हणायची, "कबरस्तान जागेवरच आहे, लाव्हॉन. आमचं शेत खाली चाललंय. नांगरून मोकळी केलेली माती दर पावसात ओढ्याला."

मका निघाला की वर्लिन लगेच धसकटं गाडून रान काळंभोर करायचा. तास असे सरळ, की लोक गाडी थांबवून बघत. धसकटं तशीच ठेवणारा आमच्याकडे आळशी ठरतो.

शेवटच्या आजारात आर्डिसनं त्याचा हात धरला. "यंदा नांगरू नकोस." तो हो म्हणाला, मी तिथंच होते. ऑक्टोबरात तिला पुरलं आणि आठवड्याच्या आत ह्यानं नांगर घातला. हिवाळाभर मी त्याच्याशी बोलले नाही.

मेअखेरीस, कबरींवर फुलं ठेवायच्या दिवशी, तो पियोनीचा गुच्छ घेऊन आला. पावसानं पहिल्या पायरीखालची माती धुऊन नेली होती. चौऱ्याऐंशीचा माणूस. त्यानं दोनदा पाय उचलला, दोनदा खाली ठेवला.

"लाव्हॉन, खाली आणखी एक पायरी बसवून दे."

"का रे, परत थंडीनं फुगलं का?"

तो मातीकडे बघत म्हणाला, "घरात बसवेना गं ती गेल्यावर. ट्रॅक्टरच्या आवाजात जरा बरं वाटायचं." मग गुच्छ माझ्या हातात दिला. "यंदा नाही नांगरणार. सांग तिला."

माझा राग तिथंच संपला. मी वर जाऊन फुलं ठेवली आणि तिला सांगितलं.

ऑगस्टात तो गेला. चौथी पायरी बसवली, ती त्याची शवपेटी वर न्यायला.

शेत पुतण्याकडे, कर्टिसकडे आलं. मी त्याला आर्डिसचं, वचनाचं, पायऱ्यांचं सगळं सांगितलं. त्यानं टोपी काढून ऐकून घेतलं. "पण लाव्हॉनमावशी, काका तर म्हणायचे, कबरस्तान थंडीनं वर येतं."

ऑक्टोबरात त्यानं नांगर घातला, थेट चौथ्या पायरीपर्यंत. तास एका सुतात.

"काकांना आवडलं असतं, नाही?" त्यानं मला विचारलं. रस्त्यावर दोन गाड्या थांबल्या होत्या.