दुसरी मूठ

मी दोन मुठींची करवत बोलतेय. एका टोकाला एक मूठ, दुसऱ्या टोकाला दुसरी, आणि मधे माणसाच्या उंचीएवढं माझं दातेरी अंग. सध्या मी वखारीच्या भिंतीवर आडवी टांगलेली असते. दुपारी छपराच्या फटीतून ऊन उतरतं, त्यात भुशाचे कण तरंगत राहतात, आणि मला वाटतं, कुणीतरी मला खालून हळूच ओढतंय. दादा ओढायचा तसं.

मला घडवणाऱ्या लोहाराने बजावलं होतं, "हिला नुसती ओढायची. ढकलली की वाकलीच." म्हणजे मी परत यायचं तर समोरच्या टोकाला माणूस हवाच.

माझ्या नशिबी दोन भाऊ आले. ओंडका लाकडी घोडीवर तिरपा चढवायचा, काजळीत बुडवलेल्या दोऱ्याने रेघ मारायची, मग धाकटा वर उभा राहायचा आणि दादा खाली बसायचा. सगळा भुसा खालच्याच्या डोळ्यांत जातो. म्हणून दादा खाली. पहिली ओढ घेण्याआधी दोघं मुठी धरून डोळे मिटत आणि प्रभूचं नाव घेत. तेवढ्या वेळात दोघांच्या हातांची ऊब माझ्या अंगातून चालत येऊन मधे कुठेतरी भेटायची.

एकदा धाकटा रुसून आठवडाभर आलाच नाही. दादाने वरची मूठ पुलापलीकडच्या वस्तीतल्या एका माणसाला दिली. दूरदेशीचे लोक ते. त्यांची बोली वेगळी. गावात काही हरवलं की आधी त्यांच्याकडे बोट. दादा मात्र त्याला शेजारी म्हणायचा आणि त्याच्या डब्यातलं खायचा.

धाकटा परतला तो थेट रॉकेलचा बोळा घेऊन. माझी वरची मूठ त्याने सालटं निघेपर्यंत घासली. शेजारी तिथेच फळ्या रचत होता.

"पूल ओलांडून राहतो तो. शेजारी कसला?" धाकटा म्हणाला.

"मग काय, पूल पाडून बघू?" दादा हसला. मग हळू आवाजात म्हणाला, "येशूच्या क्रुसाला खांदा दिला तोही वाटेवरचा परकाच होता. सोबतचे सगळे पळाले होते तेव्हा."

"मी काय येशू आहे?"

"नाहीस ना? मग तुला त्या खांद्याची गरज तर जास्तच."

धाकट्याने तोंड फिरवलं. मला रॉकेलचा वास कितीतरी दिवस येत राहिला.

पुढे दादाला ताप आला. नवव्या दिवशी पहाटे तो गेला. धाकट्याचं लग्न ठरलं होतं, त्याच्या पलंगासाठी दादाने एक ओंडका दोन वर्षं सावलीत वाळवला होता. धाकट्याने हट्ट धरला, दादाची शवपेटी त्याच लाकडाची होणार, आणि आपल्याच हातची. दफन दुसऱ्या दिवशी सकाळी. फळ्या संध्याकाळच्या आत निघायला हव्या होत्या.

शेजारी सकाळपासून फाटकाबाहेर उभा होता. धाकटा त्याच्या अंगावर धावून गेला. "तुझ्या डब्यातलं खाऊन गेला माझा दादा! चालता हो!"

वहिनी दारातूनच म्हणाल्या, "भावजी, त्या डब्यातलं मीही खाल्लंय. मला का नाही काही झालं?"

धाकटा तरातरा आत आला. ओंडक्यावर चढला आणि मला एकट्यानेच ओढायला लागला. ओढलं, मी वर आले. ढकललं, मी वाकले, किंचाळले, खाचेत अडकले. रेघ तर कधीच सुटली होती. दुपार कलली तरी वीतभरही चीर नव्हती. आणि खालची मूठ, जिला दादाच्या अंगठ्याने खळगा पडला होता, ती हवेत नुसती थरथरत होती. मी तरी काय करणार? मलाही तोच हात हवा होता.

शेवटी तो खाली उतरला आणि दादाच्या जागी, भुशात बसला. कपाळ माझ्या पात्याला टेकवून म्हणाला, "प्रभू, मला एक माणूस पाठव. एकच." डोळे उघडले तर फाटकाबाहेर शेजारी.

"हा नको," धाकटा मोठ्याने म्हणाला. "दुसरा पाठव."

वखारीत काहीच हललं नाही. उन्हात भुसा तरंगत होता, इतका सावकाश की वेळही वाळत घातलाय असं वाटावं. मग त्याचे ओठ हलले. "नाहीस ना... गरज तर जास्तच..." तो एकदा हसला, आणि त्या हसण्यातच त्याचा बांध फुटला. किती वेळ रडला कोण जाणे. माझं पातं ओलं झालं.

मग नाक पुसून त्याने हाक मारली, "ये आत."

शेजारी आला. "मी खाली बसतो," तो म्हणाला. "भुसा जातो डोळ्यांत."

"खाली दादा बसायचा. आता मी. तू वर जा."

तो वर चढला. मूठ धरण्याआधी त्याने हात सदऱ्याला पुसले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. खालून धाकट्याने ते पाहिलं आणि त्याची मान खाली गेली.

"पुसू नकोस रे," तो म्हणाला. "तसेच धर."

दोघांनी डोळे मिटले. दोन्हीकडून ऊब आली, आणि मधे भेटली. मग मी चालले. रेघेवरून, झोपेत चालावं तशी. संध्याकाळ होईपर्यंत पाच फळ्या निघाल्या. धाकट्याचे डोळे भुशाने लाल झाले होते, आणि त्या दिवशी कुणी त्याला कारण विचारलं नाही.

आता वखारीत यंत्र आलंय. माझे दात बोथट झालेत, अंगावर गंज चढलाय. तरी एक मागणं आहे. मला खाली उतरवाल तेव्हा एकट्याने उतरवू नका. ज्याला हाक मारायला जीभ रेटत नाही, त्यालाच हाक मारा, आणि त्याला हात पुसायला लावू नका.

शेजारी अजून येतो. भिंतीवरच मला पुसतो, तेल लावतो. दोन्ही मुठींना सारखंच. मग धाकटा आतून ओरडतो, "अरे, डबा उघडलास की नाही? भूक लागलीय!"