माशांच्या खोक्याचा श्रावण

नाकाला पदर लावू नका. मी धुतलेला आहे. दोनदा, फिनेल घालून, आणि वर चार दिवस उन्हात पालथा. तरी थोडा वास येत असेल तर तो माझ्या पूर्वायुष्याचा आहे, त्याला माझा इलाज नाही. मी एक थर्माकोलचा खोका. पूर्वी माझ्यात मासे असत, आता झेंडू असतो. माणसं याला निवृत्ती म्हणतील. मी बढती म्हणतो.

माझा जन्म कारखान्यात झाला, वाफेवर, इडलीसारखा. रंगानेही तसाच आणि आत नुसती हवा. तिथून मी मालवणच्या बंदरावर आलो. दोन वर्षं सुरमई, बांगडे, पेडवे आणि बर्फ पोटात घेऊन हिंडलो. मोठमोठ्या हॉटेलांच्या मागच्या दारांनी आत गेलो. पुढच्या दाराने आजवर मला कोणी घेतलेलं नाही.

एक दिवस माझा कोपरा फुटला, झाकण वाऱ्याने समुद्रात गेलं आणि मला लिलावाच्या शेडमागे फेकून दिलं. तिथून मला उचललं ते संचिताने. ती मासे घ्यायला आली होती, जाताना मलाच काखेत मारून एसटीत चढली. कंडक्टर म्हणाला, "वयनी, खोको रिकामो आसा, पण ह्या वासाचा तिकीट काढूक लागतला."

"हाफ काढा," संचिता म्हणाली. "खोको लहान आसा."

मला ती तेव्हाच आवडली.

घर मालवणपासून थोडं आत. घरात तीन माणसं. सासू हौसाबाई, वय पंचाहत्तर, नाक पंचविशीचं. मुलगा अजय, ओरोसला सरकारी कचेरीत. आणि सून संचिता. तिने माझ्यासकट पाच खोके जमवले, खाली भोकं पाडली, माती आणि शेण भरलं आणि खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, पडवीच्या कडेला आम्हाला ओळीने बसवलं. दोघांत अबोली, तिघांत झेंडू. मी झेंडूवाला.

आमचं जेवण म्हणजे मासे धुतलेलं पाणी. या भागात ते कोणी गटारात ओतत नाही, फुलझाडांनाच जातं. संचिता बांगडे साफ करायची आणि ते तांबूस पाणी खवल्यांसकट आमच्या मुळाशी. त्यामुळे आम्हालाही घराचे वार लागू झाले. सोमवार, गुरुवार, शनिवार आमचा उपास. बाकी दिवस चंगळ. आमच्या अबोलीची वेणी घालून हौसाबाई देवळात जायची आणि बायका विचारायच्या, "काकी, खत खयचा घालतास?" ती म्हणायची, "देवाची कृपा."

देवाची कृपा माझ्या अंगावर माशा होऊन बसलेली असायची.

आता अजयविषयी. अजयला दोन वेडं लागली. पहिलं, सेंद्रिय खाण्याचं. कचेरीतल्या कोणीतरी त्याला मोबाईलवरच्या एका गटात घेतलं आणि तेव्हापासून दर रविवारी तो एका स्टॉलवरून पिशवी भरून आणू लागला. काळा गूळ, वाकड्या काकड्या, जाळी पडलेला माठ, भोकं पडलेली वांगी.

"ह्या वांग्यात किडो आसा रे," हौसाबाई म्हणाली.

"असूंदे. किडो जगलो म्हणजे विषारी औषध नाय मारल्यानी. ता सर्टिफिकेटच समज."

"झिला, आमच्या येळाक असली वांगी आमी गुरांक घालू. आता तुमी ती निवडून निवडून हाडतास. किड्यान खाल्लेला उष्टा खाऊक इतको हौसी माणूस मी बघूक नाय."

गंमत म्हणजे परसात संचिताचा लाल माठ होता, भोपळ्याचा वेल होता. त्याला कोणी सेंद्रिय म्हणत नव्हतं, कारण तो फुकट होता.

अजयचं दुसरं वेड गाडी. नवी चारचाकी आली आणि त्याला खळ्यात फरशी हवी झाली, ती सिमेंटची लाल-करडी. नमुन्याच्या चार फरश्याही त्याने आणून ठेवल्या. मापं घेताना आम्ही पाच जण मध्ये आलो. हौसाबाईलाही आम्ही खुपतच होतो. तुळशीसमोर माशांचे खोके तिला बघवत नसत. वेणी चालायची, खोके नाही.

संचिता रडली नाही, भांडली नाही. नुसती म्हणाली, "आई, ही इतकी एकच जागा माझी आसा हो."

हौसाबाईने तुळशीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. मग तिने निवाडा दिला. "चतुर्थीक माझ्या गणपतीचो हार ह्या खोक्यांतल्या फुलांचो झालो तर ऱ्हवांदेत. नाय झालो तर अजय फरशी घालता, आणि मी तेका अडवूचंय नाय."

"चालात," संचिता म्हणाली.

चालात म्हणायला काय जातं! पण चतुर्थीच्या आधी श्रावण येतो, हे ती विसरली. श्रावणात हे घर महिनाभर मासे खात नाही. म्हणजे पाणीही नाही. ज्या दिवसांत देवाला सगळ्यांत जास्त फुलं लागतात, नेमक्या त्याच दिवसांत झाडांना उपाशी ठेवणारा धर्म माझ्या समजुतीपलीकडचा आहे. त्यात पाऊस मातीतलं होतं नव्हतं ते धुऊन नेत होता. आठ दिवसांत माझी झेंडूची रोपं पिवळी पडली. कळी एक नाही.

संचिता रोज सकाळी येऊन पानं उलटून बघायची आणि बोटांवर दिवस मोजायची.

अजयला बायकोची दया आली. त्याने आपल्या मनाने मूठभर युरिया आणून शेजारच्या खोक्यात टाकला. तिसऱ्या दिवशी तिथली दोन रोपं करपली.

"अहो, तुमी तर सेंद्रियवाले मा?" संचिता कपाळाला हात लावून म्हणाली.

"ता खावच्यासाठी. फुलां काय आपण खातंव?"

एवढं झाल्यावर संचिताने शेवटचा उपाय केला. वाडीत मासे विकणारी सीता आहे, पाटी डोक्यावर, जीभ धारेवर. श्रावणात ती या दारावरून सरळ पुढे, हॉटेलांकडे जाते. संचिताने तिला मागच्या वाटेवर गाठलं.

"सीता, माका मासे नको. मासे धुतलेला पाणी व्हया."

सीता हसायला लागली. "वयनी, श्रावणात माका तुमच्या दारात बघल्यानी तर काकी माका चुलीत घालतली!"

"आई पूजेक बसली काय ये. दुधाची जुनी किटली देतंय, कोणाक कळाचा नाय. फक्त सोमवारी येव नको."

आठ-दहा दिवस बरे गेले. झेंडूला रंग चढला. कळ्यांचे बारीक हिरवे मणी दिसू लागले. आणि एका रविवारी समुद्र खवळला, होड्या गेल्या नाहीत. सीता रविवारची किटली घेऊन सोमवारी आली, पायरीवर ठेवली आणि घाईत निघून गेली.

श्रावणी सोमवार. हौसाबाई सोवळं नेसून बाहेर आली. पायरीवर दुधाची किटली. शंकराच्या अभिषेकाला दूध हवंच होतं. तिने किटली उचलली आणि देव्हाऱ्याकडे चालू लागली. माझ्या अंगात जेवढी हवा आहे तेवढी सगळी थिजली.

उंबऱ्यावर तिने झाकण काढलं.

"गो संचिता! दुधात खवले खंयसून इले?"

संचिता धावत आली.

"माझ्या शंकरान आज बांगड्याच्या पाण्यान आंघोळ केली असती गो! काय केलंस ह्या?"

"फुलांसाठी होता, आई. हारासाठी."

"बांगड्याचा पाणी फुलाक आणि फूल देवाक? श्रावणात?"

संचिता कधी उलट बोलत नाही. त्या दिवशी बोलली. "बाकीचे अकरा महिने तसाच जाता, आई."

खरं होतं ते. पण खरं बोलणाऱ्या सुनेला सोडून द्यायला हौसाबाई काही साधी बाई नव्हे. "झालो तुझो हार!" ती गरजली. "अजय, बोलव तुझ्या फरशीवाल्याक!"

मला वाचवलं ते पावसाने. अजय म्हणाला, "आये, ह्या पावसात सिमेंट सुकाचा नाय. चतुर्थी होवंदे."

त्यानंतर हौसाबाई सुनेशी बोलेनाशी झाली. जे सांगायचं ते तुळशीला सांगायची, मोठ्याने. "तुळशी, सांग तिका, आमटीत मीठ नाय." "तुळशी, विचार तिका, माझो चष्मो खंय ठेवल्यान." तुळस बिचारी पावसाने ओली आणि बोलण्यानेही. आमचं जेवण पुन्हा बंद. कळ्या होत्या तिथेच अडून बसल्या.

घरात अशी शांतता अजयला सोसवेना. ओरोसला एक प्रदर्शन भरलं होतं, तिथून त्याने एक बाटली आणली. चॉकलेटी द्रावण, वर हिरवं पान.

"आये, ह्या घाल झाडांक. शंभर टक्के सेंद्रिय. एकदम शुद्ध."

"शुद्ध?"

"बचत गटाच्या बायका बनवतत. रसायन नाय, काय नाय."

"मगे माझ्याकडे दी. मीच घालतलंय." हे तुळशीकडे बघून. "हंय कोणाचो भरवसो नाय."

तिने झाकण उघडलं आणि मी ओळखलं. बांगडा! गुळात महिनाभर मुरलेला, पण बांगडाच. दोन वर्षं ज्यांना पोटात घेऊन फिरलो त्यांना मी विसरेन का?

हौसाबाई बाटली हातात धरून उभी राहिली. नाकपुड्या दोनदा हलल्या. तिने मागे बघितलं, पुढे बघितलं. मग झाकणभर द्रावण बादलीत ओतलं, पाण्याने वाढवलं आणि आम्हा पाचही जणांना पोटभर पाजलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्यानंतर पुन्हा.

एका दुपारी संचिता ती बाटली पुसत होती. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, ते तिने वाचलं आणि बोट ठेवून पुन्हा वाचलं. घटक : मासळीचे अवशेष, गूळ. तिने आत बघितलं. हौसाबाई जप करत होती. आता नुसतं वाचून दाखवायचं होतं. सगळा आळ एका वाक्यात फिटला असता. पण सासूचा श्रावण तिच्याच हातून मोडला, हे तिला ऐकवायचं? आणि आज बाटली फेकली गेली तर या कळ्यांचं काय? संचिताने ती बाटली अक्षरं भिंतीकडे करून फळीवर ठेवली आणि माझ्या मातीतलं तण उपटू लागली. एकाच जागचं तण तिने चार वेळा उपटलं.

हरतालिकेच्या संध्याकाळी आम्ही फुललो. कसे, ते स्वतःच्या तोंडाने सांगत नाही, पण दोन परड्या भरल्या. हौसाबाई पडवीत हार ओवायला बसली. संचिता समोर बसून फुलं निवडून देत होती. अजून बोलणं नव्हतंच. मध्ये अजय, फुशारकीने बाटली घेऊन.

"बघा! सेंद्रियाची ताकद! आता तरी खात्री पटली मा? वाचून दाखवतंय थांबा. घटक... मास..."

तो थांबला. संचिताने डोळे मिटले.

"वाच मरे," हौसाबाई सुईत दोरा ओवत म्हणाली. "थांबलंस कित्या?"

"आये... ह्यात... मासे आसत."

"साठ वर्षां बांगडे धुतलंय मी. पयल्या दिसाच वळाखलंय."

"मगे घातलंस कित्या?"

"तू शुद्ध म्हणून हाडलंस. मी म्हातारी, माका वाचूक येता थोडाच? पाप लागला तर ता तुझ्या डोक्यार. मी निवांत." तिने एक झेंडू ओवला, हार हातभर लांब धरून बघितला. मग मान न वळवता, तुळशीकडे न बघता म्हणाली, "आणि तू गो. वाचलंस तेव्हा बोललंस नाय, ता माका कळला."

"तुमका कसा कळला, आई?"

"बाटली पाठमोरी कोण ठेवता? मी काय आंधळी?" तिने पुढचं फूल ओवलं. "पुढल्या श्रावणात पाणी व्हया तर बादली घे. दुधाची किटली नको. माझो जीव गेलो असतो."

संचिता हसायला लागली आणि तिच्या डोळ्यांतून पाणीही यायला लागलं. अजय मात्र अजून गोंधळलेला. "मगे फरशी, आये?"

"गाडी थंय रस्त्याच्या कडेक लाव. ती काय झेंडू आसा, पावसान कुजात म्हणून?"

गणपती माझे झेंडू गळ्यात घालून पाच दिवस बसला. त्याने नाक मुरडलेलं कोणी बघितलं नाही, आणि त्याचं नाक तर केवढं!

आता मी खळ्यातच असतो. नमुन्याच्या त्या चार फरश्यांवर मला बसवलंय, खालून पाणी निथळावं म्हणून. फुटक्या कोपऱ्यात मुंग्यांनी घर केलंय. अजय अजून रविवारची पिशवी आणतो, आता परसातला माठही खातो आणि बाटलीची मागची बाजू आधी वाचतो. सेंद्रिय घ्यावं की न घ्यावं, हे मला विचाराल तर मी काय सांगू? जरूर घ्या. पण त्यात काय घातलंय ते विक्रेत्याला विचारा, आणि उत्तर ऐकायची तयारी ठेवा.

जाता जाता एक विनवणी. मी शेण नाही, पालापाचोळा नाही. मी कुजत नाही. टाकाल तिथे तुमच्या नातवंडांनंतरही मी असेन. बंदरावर लिलावाच्या शेडमागे माझे भाऊ पडलेले असतात, भरतीला समुद्रात जातात. मासे घ्यायला गेलात की एखादा उचलून आणा. तिकीट मागितलं तर हाफ काढा. खाली चार भोकं पाडा, माती भरा आणि खळ्यात ठेवून द्या. पुढचं काय ते सासू आणि सून बघून घेतील.