ताऱ्याशेजारचा डाग

अरुणाच्या हाताला कोणी नावं ठेवू नयेत. चेंबूरच्या स्टुडिओतल्या लग्नांच्या निगेटिव्ह ती आमच्या वाशीच्या घरी आणायची आणि खिडकीशी बसून, भिंग लावून, कुठे पेन्सिलीने भरायची, कुठे बारीक पात्याने खरवडायची. नवरीच्या गालावरची पुटकुळी, सासऱ्याच्या टकलावरची चकाकी, सगळं गायब!

मी तिचा नवरा, बाकी वेळ कारकून, पण जीव सगळा आकाशात. मृगाच्या पोटात तीन ताऱ्यांचा बाण असतो. त्यातल्या डावीकडच्या ताऱ्याला चिकटून एक अंधूक तेजोमेघ आहे. तारा असा झगझगीत की मोठ्या साहेबाशेजारी कारकून दिसत नाही, तसा तो बिचारा दिसतच नाही. मला त्याचा फोटो हवा होता आणि तोही याच हिवाळ्यात. आमच्या सेक्टरात रस्त्यावर दिव्यांचे खांब उभे राहिले होते. दिवे लागले की आमच्या गच्चीवरून तो कायमचा बुडणार होता.

काम चिकाटीचं. जुना कॅमेरा दुर्बिणीच्या पाठीवर बांधायचा, झाकण काढायचं आणि पाऊण तास दुर्बिणीतून एक तारा भिंगातल्या बारीक तारांच्या फुलीवर धरून ठेवायचा. आकाश सरकेल तशी हाताने दुर्बिणीची चक्री फिरवायची. जरा चुकलं की ताऱ्यांच्या रेघा. तीन हिवाळे माझ्या रेघाच आल्या. मग फेब्रुवारीत एकदा जमलं. निगेटिव्ह धुतली तर ताऱ्याशेजारी खरोखरच एक पुसट ठिपका! ती वाळत टाकून मी दुसऱ्या दिवशी शीळ घालत ऑफिसला गेलो.

संध्याकाळी घरी आलो तर अरुणाने स्टुडिओतून मोठा प्रिंट करून आणलेला.

“तुमच्या ताऱ्याजवळ डाग पडला होता,” ती कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली. “निगेटिव्हवरूनच खरवडून काढला. कुठे होता, कळतंय का?”

नव्हतं कळत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“अगं, तोच तर हवा होता! तीन वर्षं मी काय ताऱ्याचा फोटो काढत होतो? दिसलं काही की खरवड, एवढंच येतं तुला!”

तिने पातं पुसून डबीत ठेवलं आणि भाताचं आधण ठेवलं. मला खूश करायला तिने हे केलं होतं, हे मला जेवताना कळलं. पण माफी मागायला तोंड उघडेल तर मी कसला?

अमावास्येला मी पुन्हा गच्चीवर सगळं मांडलं. पाठोपाठ अरुणा आली.

“सरका. तुमचा हात थरथरतो. काय धरायचं ते मला दाखवा.”

दाखवलं. डोळ्यांत तेल घालून म्हणतात तशी ती बसली. चक्री फिरतेय की नाही, तेही मला कळेना. वारा बोचरा होता, पण धक्का लागेल म्हणून तिच्या अंगावर शाल टाकायचाही मला धीर होईना.

निम्मा वेळ झाला असेल, तोच खालून पोरं ओरडली, “लाइट आली, लाइट!” रस्ता लखलखला. बाल्कन्यांमधून टाळ्या पडल्या. मी नुसताच बघत राहिलो.

“झाकण!” डोळा न हलवता अरुणा ओरडली. “अहो, बघताय काय? झाका आधी!”

मी झाकण लावलं. ती चक्री सोडेना.

“आणि उरलेला वेळ?”

“उरलेला नाही आता. संपलं.”

तेव्हा ती रडली. “माझ्यामुळे गेला हो तुमचा ठिपका.”

“गेला तर गेला,” मी तिला शालीत गुंडाळत म्हणालो. “मी तुला नको ते बोललो. त्याचंच मला जास्त लागलंय.”

पण तो गेला नव्हता. निगेटिव्हवर तो आला, पहिल्यापेक्षाही पुसट, आहे म्हटलं तर आहे. आमच्या आकाशमित्रांनी दादरला फोटो मांडले, त्यात तोही लागला. एक गृहस्थ चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले.

“फोटो झकास आहे,” ते मला म्हणाले. “फक्त ताऱ्याजवळ डाग पडलाय बघा. कुणा जाणत्या माणसाकडून काढून घ्या.”

मी काही बोलायच्या आत अरुणा पदर खोचून पुढे झाली.

“डाग कशाला म्हणतात ते मला विचारा,” ती म्हणाली. “हा तेजोमेघ आहे. नीट बघा.”