सासूबाईंच्या डोक्यावरून

ताईला सगळे ताईच म्हणायचे, नवरा सोडून. तिचं पार्लर होतं. दोन खुर्च्या, दोन आरसे, केस धुवायचं एक बेसिन, आणि टॉवेलांच्या कपाटाला टेकवून ठेवलेली एक दांडगी, चिखलाने माखलेली सायकल. नवं गिऱ्हाईक आलं की आधी सायकलकडे बघायचं, मग ताईकडे, मग पुन्हा सायकलकडे.

"मुलाची वाटतं?"

"माझीच. मान सरळ ठेवा, नाहीतर कान जाईल."

चाळिशी ओलांडलेली बाई डोंगरमाथ्यावरून सायकल खाली सोडते आणि त्याला गंमत म्हणते, हे लोकांच्या पचनी पडत नाही. पडणार तरी कसं? तिथे रस्ता नावाची चीजच नसते. झाडांची मुळं, सुटे दगड, घसरडी माती आणि मधूनच पायाखालची जमीन गायब. एकेकाला वरून सोडतात, कमी वेळात जो खाली पोचेल तो जिंकला. आता ताईला काही जिंकायचंबिंकायचं नव्हतं. तिला एकदाच, फक्त एकदाच, सायकलवरून न उतरता खालच्या कमानीतून बाहेर पडायचं होतं. एवढीशी इच्छा, पण तीही मेली पुरी होत नव्हती.

त्याला कारण सासूबाई. खऱ्या नव्हेत हो, खऱ्या सासूबाई म्हणजे अगदी गरीब गाय! ही सासूबाई म्हणजे अर्ध्या वाटेवरचा माणूसभर उंचीचा काळा खडक. त्याच्या डोक्यावरून सायकलसकट खाली उडी घ्यायची असते. नाव कोणी ठेवलं ठाऊक नाही, पण ज्याने ठेवलं त्याच्या घरचं काय ते समजलं. पहिल्या वर्षी ताईने खडकाच्या कडेवर येऊन ब्रेक दाबला आणि सायकलच्या आधी स्वतःच खाली गेली. नंतर सायकल एकटीच उताराने घरंगळत कमानीपाशी पोचली आणि ताई मागून लंगडत आली. दुसऱ्या वर्षी तिने कडा बघितला आणि ती मुकाट्याने उतरून बाजूच्या पायवाटेने सायकल ढकलत आली. खाली लोकांनी टाळ्या वाजवल्या. भोंग्यावरचा माणूस म्हणाला, "हिंमत आहे हो बाईंची!" त्या टाळ्या तिला थोबाडीत मारल्यासारख्या लागल्या. कीव करणाऱ्या टाळीचा आवाजच वेगळा असतो, ती ज्याच्यासाठी वाजते त्यालाच तो ऐकू येतो.

म्हणून यंदा तिने भर पार्लरात, एकीच्या डोक्याला मेंदी थापता थापता जाहीर केलं होतं, की या खेपेला सायकलवरून खाली नाही पोचले तर सायकल भाचीला देऊन टाकीन आणि पुन्हा नाव काढणार नाही. बोलून बसली खरी. आणि ताई एकदा बोलली की बोलली.

शर्यतीच्या सकाळी नवरा म्हणाला, "मी पण येतो." ताईने चहाचा कप खाली ठेवला. गेल्या दोन्ही वर्षी त्याने तिकडे पाऊलही वळवलं नव्हतं. त्याचं मोटारसायकली दुरुस्तीचं गॅरेज होतं. दिवसभर हात काळे करायचे, संध्याकाळी रॉकेलने धुवायचे, आणि बायकोच्या सायकलचा विषय निघाला की पेपरात तोंड खुपसायचं, असा त्याचा शिरस्ता.

"अहो, बरं वाटतंय ना तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय? येतो म्हटलं ना."

ताईने जास्त चौकशी केली नाही. मनातून मात्र ती लहान मुलीसारखी हरखली. गाडीत बसल्या बसल्या गुणगुणायलाही लागली, सुराशी तिचं कधीच जमलेलं नसूनही.

डोंगराच्या पायथ्याशी नुसती धमाल होती. पंपांची फुसफुस, साखळ्यांची खडखड, गुडघ्याला ढोपरकवच बांधणारी पोरं, पोटावर हेल्मेट ठेवून घोरणारे एक आजोबा. ताईची मैत्रीण तिथे आधीच येऊन ठेपली होती. ती पोस्टवाली. आठवडाभर पत्रं वाटत सायकल हाणायची आणि रविवारी याच डोंगरावर. ताईला तिनेच हे वेड लावलं होतं.

"काय लक्षात ठेवायचं?" पोस्टवालीने विचारलं.

"कडेवर ब्रेक दाबायचा नाही," ताई म्हणाली.

"आणि तू काय करतेस?"

"दाबते."

"शहाणी!"

शर्यतीआधी एक सरावाची फेरी मिळते. सायकली टेम्पोत घालून वर नेल्या. ताईने हेल्मेट चढवलं, पट्टा आवळला, सुटली. वाऱ्याने डोळ्यांत पाणी आलं, चाकांखाली खडे उडाले, आणि तिला वाटलं, आज काहीतरी होणार! ते झालं पहिल्याच वळणावर. वेग कमी करायला तिने सवयीने उजव्या हाताने मागचा ब्रेक दाबला, आणि पुढचं चाक जागच्या जागी थिजलं. ताई हँडलवरून उडून सरळ झुडपात. पाय वर, डोकं खाली.

झुडपातून तिने स्वतःला ओढून काढलं. हात हलतायत, पाय हलतायत. मग तिने सायकल उभी केली, एकेक ब्रेक दाबून बघितला, आणि तिची तळपायाची आग मस्तकात गेली. उजव्या हाताला पुढचा ब्रेक! डाव्या हाताला मागचा! इतकी वर्षं होते त्याच्या बरोब्बर उलटे.

पायवाटेने ती दणादणा खाली आली. नवरा टेम्पोपाशी पेरू खात उभा होता.

"अहो, माझ्या ब्रेकला कोणी हात लावला?"

नवऱ्याचा चेहरा उजळला. हाच प्रश्न कधी येतो याची तो सकाळपासून वाट बघत होता. "मी! लागतात ना छान? कोणा अडाण्याने उलटे बसवले होते गं. उजव्या हाताला मागचा! असं असतं का कुठे? मोटारसायकलला बघ, उजवा हात म्हणजे पुढचा ब्रेक. काल रात्री तू झोपल्यावर पार्लर उघडून करत बसलो होतो. नळ्या बदलल्या, नवं तेल भरलं. म्हटलं सांगायचं नाही, आपोआप कळेल."

"कळलं!" ताई ओरडली. "झुडपात डोकं खाली आणि पाय वर असताना कळलं! अहो, असल्या सायकलला असेच असतात! माझ्या हाताला तीच सवय आहे!"

पेरू नवऱ्याच्या हातातच राहिला. आता कुठे त्याला तिच्या केसांतली पानं दिसली आणि हनुवटीवरचा ओरखडाही. त्याचं तोंड एवढंएवढंसं झालं.

"आत्ताच्या आत्ता पहिल्यासारखे करा," पोस्टवाली त्याला म्हणाली.

"नळ्या सोडाव्या लागतील," तो पुटपुटला. "तेल पुन्हा भरावं लागेल. ते सामान गॅरेजात आहे. घाईत केलं आणि नळीत हवा राहिली तर ब्रेक लागायचेच नाहीत." मग एकदम तो म्हणाला, "तू नको जाऊस."

"नको जाऊ? आणि पार्लरात तोंड कसं दाखवू?"

पोस्टवालीने वातावरण हलकं करायचा प्रयत्न केला. "अगं, तू दिवसभर आरशात बघून केस कापतेस. उलटसुलट तुला काय नवीन?"

"आरशाला ब्रेक नसतो!" ताई कडाडली, आणि पोस्टवालीने वातावरण हलकं करायचा नाद सोडला.

नवरा खाली मान घालून चाकाशी बसला होता. बसल्या बसल्याच बोलला, सायकलशी बोलावं तसं. "मला भीती वाटते गं. दोन वर्षं शर्यतीच्या दिवशी मी शटर ओढून आत नुसता बसून होतो. एका गाडीला हात लावला नाही. बघायला येववत नाही आणि न येता राहवत नाही. म्हटलं दुसरं काही जमत नाही आपल्याला, निदान ब्रेक तरी झकास करून देऊ."

या माणसाला ताईने दोन वर्षं मनातल्या मनात दगड म्हटलं होतं. तिचा राग पार विरघळला असं नाही, झुडपातल्या काट्यांची आग होतच होती. पण ती त्याच्या शेजारी उकिडवी बसली आणि म्हणाली, "मग आता काहीतरी डोकं चालवा. मी जाणार आहे."

त्याने तिच्याकडे बघितलं. मग खिशातून पाना काढला. उजव्या ब्रेकचा स्क्रू सैल केला, ब्रेकचा दांडा हँडलवर आतल्या बाजूला चांगला सरकवला आणि पुन्हा आवळला. "आता सवयीने बोट जाईल, पण हाती काही लागणार नाही. मुद्दाम हात लांब केलास तरच पुढचा ब्रेक. डाव्या हाताला मागचा आहे, त्याच्यावर ये. पण ऐक, एकटा मागचा ब्रेक असा थांबवत नाही. वेग राहील."

"किती?"

"तुला आवडतो त्याच्यापेक्षा जास्त."

मागच्या हिरवळीवर तिने घिरट्या घालून बघितल्या. डावा, डावा, डावा, असं पुटपुटत. आजोबा जागे होऊन बघत होते. त्यांना वाटलं, बाई मंत्र म्हणतेय.

तिची पाळी आली तेव्हा ऊन डोक्यावर होतं. घड्याळवाल्याने खांद्यावर थाप मारली आणि ताई सुटली.

डावा, डावा. पहिलं वळण. उजवं बोट सवयीने पुढे झालं, हाताला गार वारा लागला, बोट परत आलं. मागचं चाक घसरत, शेपूट हलवत वळणातून बाहेर पडलं आणि ताई सायकलवरच होती! झुडूप बाजूने निघून गेलं. मग मुळांची वाट, दात वाजवणारी. मग दोन झाडांमधली फट, हँडल जेमतेम जाईल एवढी. डावा दाबावा तर सायकल नुसती फरपटे, वेग काही उतरेना. अगं आई गं! इतक्या वेगाने ती जन्मात गेली नव्हती. ओरडावंसं वाटलं म्हणून ती ओरडली, आणि ओरडल्यावर लक्षात आलं की आपण भीतीने ओरडत नाही आहोत.

समोर सासूबाई. काळा माथा आणि पलीकडे नुसतं आभाळ. कडेला दोरीमागे माणसं, आणि त्यांच्यात नवरा. दोन्ही हातांनी डोळे झाकलेले, पण बोटांच्या फटीतून बघणारा. शटर ओढून बसणारा माणूस चढ चढून इथवर आला होता.

कडा आला. ताईने करायचं नाही तेच केलं, पहिल्या वर्षीसारखं. उजव्या हाताने कचकन ब्रेक दाबला. हातात हँडल आलं, ब्रेक नाही. डावा दाबायचं आठवेपर्यंत चाकांखालचा खडक संपला होता.

हवेत एकदम शांत वाटलं. साखळीची खडखडसुद्धा नाही. मग धप्पकन मागचं चाक टेकलं, पुढचं टेकलं, गुडघे छातीपर्यंत आले, दात दातांवर आपटले, आणि सायकल पुढे पळाली. तिच्यावर ताई! ती खाली बघून खात्री करून घेत होती. हो, मीच! मागे कोणीतरी बेंबीच्या देठापासून बोंबललं. तो आवाज तिच्या ओळखीचा होता, पण इतका मोठा तिने लग्नानंतर कधी ऐकला नव्हता.

शेवटची उतरण गवताची. कमान दिसली. लोक उभे राहिले होते आणि टाळ्या वाजवत नव्हते, आरोळ्या ठोकत होते, कारण या वेगाने येणारी बाई थांबणार कशी हे कोणालाच कळत नव्हतं. तिलाही नाही. ती कमानीतून वाऱ्यासारखी गेली, डावा ब्रेक जीव खाऊन दाबला, मग मुद्दाम हात लांब करून उजवाही हळूच दाबला, आणि गवताच्या पेंढ्यांच्या भिंतीत अलगद जाऊन रुतली. पेंढ्या ढासळल्या. पण ताई उभ्या सायकलवर तशीच होती, दोन्ही मुठी हँडलला घट्ट.

"वेळेत हिच्यामागे आत्तापर्यंत फक्त तिघं आहेत बरं का," घड्याळाकडे बघून भोंगेवाला म्हणाला. "पण काय आली!"

पोस्टवाली तिच्या गळ्यातच पडली. "अगं, सासूबाईंच्या डोक्यावरून गेलीस!" एक पोरगा धावत आला. "बाई, उतरा, पुढचा येतोय."

"मी उतरणार नाही," ताई म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे उतरणार नाही. बाजूला हवी असेन तर सायकलसकट करा."

तेवढ्यात नवरा पोचला. धावत, घसरत, अंगभर चिखल, एक चप्पल वाटेत कुठेतरी गेलेली. त्याला बोलायचं होतं पण धाप लागली होती, आणि डोळ्यांना धारा लागल्या होत्या त्या तो लपवतही नव्हता. तो मागे गेला, सीटला हात लावला आणि सायकल पेंढ्यांतून बाहेर ढकलू लागला.

लोकांनी वाट करून दिली. सायकलवर ताई, केसांत गवत, हनुवटीला ओरखडा, आणि मागून एका चपलेवर ढकलणारा नवरा. कोणी शिट्टी मारली, कोणी हात केला. ताईनेही सगळ्यांना हात केला, अगदी मघाशी घोरणाऱ्या आजोबांनाही. टेम्पो आला तसा नवरा थांबला.

"आता तरी उतर. सायकल वर चढवायचीय."

"अहो, अजून एक चक्कर."

"पाय भाजतोय माझा."

"मग जोरात ढकला."

नवऱ्याने उरलेली चप्पलही भिरकावून दिली आणि जोरात ढकललं.