बारकीचा अर्ज

मातीतल्या किड्यांवरची आमची परिषद दर दोन वर्षांनी भरते, आणि दर वेळी भाषणाला बाई म्हणून मी एकटीच. बावीस वर्षं झाली. जेवणाचं ताट घेऊन टेबलाशी गेले की पुरुषांच्या गप्पा चपापून थांबतात. मग मी खोलीत जाऊन भिंतीकडे बघत जेवते. सवय होते म्हणतात. डोंबल होते!

यंदा अध्यक्ष मीच, आणि वरून फर्मान आलं की वक्त्यांमध्ये निम्म्या बायका हव्यात. समितीतले एक सर म्हणाले, "अहो मॅडम, इतक्या बायका आणायच्या कुठून?"

"पुरुषांना आणता तशाच. फोन करून!" मी फटकारलं.

यादीत पहिलं नाव लिहिलं बारकीचं. आम्ही दोघी एकाच प्रयोगशाळेत शिकलो, आणि तिचं डोकं माझ्याहून दसपट तल्लख. मधे बरीच वर्षं बोलणं नव्हतं, पण वाटलं, ती आली तर शेजारी एक हक्काचं माणूस असेल. लगेच फोन लावला.

"अगं बये, आहेस कुठे?"

"शाळेत. सातवीला विज्ञान शिकवते."

"आणि संशोधन?"

"सोडलं. आठ वर्षं झाली."

"वेडी का तू? का सोडलंस?"

"तुमच्या परिषदेत भाषणासाठी अर्ज केला होता. ते मिळालं असतं तर नोकरी कायम होणार होती. तुम्ही सांगितलंत, भाषण नको, भिंतीवर तक्ता लावा."

त्या वर्षी निवड माझ्याकडे होती. तिचा अर्ज सगळ्यांत सरस होता. पण बाईने बाईला, त्यात मैत्रिणीला पुढे केलं असं कुणी म्हणू नये, म्हणून मीच तो मागे सारला. आणि मेली मी, विसरूनही गेले.

"ते मी केलं गं," कसंबसं म्हणाले.

"माहितीये. पत्रावर सही तुझीच होती."

"मग शिव्या का नाही घातल्यास मला?"

"तू तिथे एकटी होतीस. म्हटलं, तुला आणखी त्रास नको."

"आता ये ना. पाया पडते तुझ्या."

"आता येऊन सांगू काय? हातात काहीच नाही माझ्या," ती म्हणाली. तिचा तास सुरू होत होता.

परिषद झाली. वक्त्यांमध्ये निम्म्या बायका होत्या, सगळ्या तरुण, हुशार. दुपारी त्यांनी मला हाताला धरून आपल्यात बसवलं. एकीने फार मायेने विचारलं, "मॅडम, तुमच्या वेळी दुसरी कुणीच नव्हती का हो?"

"होती," मी म्हटलं. "मीच तिला येऊ दिलं नाही."