वल्ह्याची मजुरी

आषाढी एकादशीला मी नेम धरला, कार्तिकीपर्यंत खोटं बोलायचं नाही. दर चातुर्मासात एक नेम असतोच. मागल्या वर्षी कांदा-लसूण सोडला होता. यंदाचा मात्र यांच्यासाठी. नारळी पुनवेला आमच्या खाडीत एकट्याने वल्हवायच्या होड्यांची शर्यत लागते. यंदापासून पहिला येणारा राज्याच्या स्पर्धेला जाणार होता. वयाची अट होती आणि यांचं हे शेवटचं वर्ष.

खाडीवर पूल झाला आणि माणसं पलीकडे सोडायची यांची तर बंद पडली. आता होडीत बसतात त्या पलीकडच्या शेतावर जाणाऱ्या चार-दोन बाया.

पुनवेला सकाळी होडीला हळदकुंकू लावून झालं, तेवढ्यात शर्यत भरवणाऱ्या मंडळाचा सेक्रेटरी सुजय पेणहून आला. वल्हवायचे पैसे घेणाऱ्याला शर्यतीत उतरता येत नाही, म्हणाला. राज्याच्या संघटनेचा नियम, मूळचा विलायतेतला. तिकडे दीडशे वर्षांपूर्वी नावाडी पैजेवर वल्हवायचे, दोन्ही काठांवर माणूस मावत नसे. मग साहेबलोकांनी आपल्या वेगळ्या शर्यती काढल्या आणि हातावर पोट असलेल्यांना बाहेर ठेवलं.

"साहेब गेले, नियम इथंच इसरून गेले," उबेद म्हणाला. दरवर्षी यांच्या मागे दुसरा येणारा हाच. "याला हरवायला कतारहून रजा काढून आलोय मी. आता काय खाडीशी शर्यत लावू?"

सुजय वाईट नव्हता. त्यालाही वाट हवी होती. हिरामण पैसे घेतच नाय, फुकट सोडतो, असं बंदरावर सगळेच सांगू लागले. मग तो माझ्याकडे वळला. माझा नेम त्याला ठाऊक होता.

"शांतीवहिनी, तुम्ही सांगा. तुमच्या शब्दावर यांना उतरवतो."

यांनी वर बघितलं नाही. वल्ह्याची दोरी आवळत राहिले. मी मनात देवाचं नाव घेतलं, तरी दुसरा शब्द सुचेना.

"घेतात," मी म्हटलं.

शर्यत सुटली तेव्हा सगळ्यांची तोंडं तिकडे होती. धक्क्यावर पलीकडच्या शेतावर जाणारी धोंडुबाई विळा घेऊन उभी. "सोडतोस ना रे हिरामण, का आज मोठा माणूस झालास?" हे उठले, तिला घेऊन निघाले. ओहोटीची ओढ होती, तरी होडी सरळ रेघेत गेली. वल्ह्याचा आवाजही नाही. बघायला मी एकटी.

उबेद पहिला आला. त्याने हार घालून घेतला नाही.

तिन्हीसांजेला मी देवापुढे दिवा लावत होते. मागून यांनी विचारलं, "नेम कोणासाठी धरलास गो?"

"तुमच्यासाठी."

हेही खरंच होतं. त्यांनी पुढे होऊन दिव्याची वात सारखी केली. मग धोंडुबाईला उद्या लवकर जायचंय, एवढं सांगून होडीतलं पाणी उपसायला गेले.